सात सह्यांच्या पुढे

सात माणसे एकत्र आली, त्यांनी एक नाव ठरवले, उद्देश लिहून काढले आणि नियमावलीवर सह्या केल्या, की महाराष्ट्रात संस्था नोंदवता येते. 1860 चा संस्था नोंदणी अधिनियम याहून फारसे काही मागत नाही. सत्तावन्नच्या धामधुमीला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती, आणि इंग्रज सरकारने हा कायदा केला तो वाङ्मयीन, शास्त्रीय व धर्मादाय मंडळींसाठी. आज त्याच कायद्याखाली कोणी शाळा काढतो, कोणी गोशाळा, कोणी नाट्यमंडळ, कोणी समाजाचे वसतिगृह, कोणी व्यसनमुक्ती केंद्र. सह्या व्हायला अर्धा तास पुरतो. त्यानंतर संस्था कशावर जगते, कोणाच्या हाती जाते आणि कधी नुसती कागदावर उरते, हा पुढच्या पानांचा विषय आहे.

विषयाचा आवाका सांगायचा तर आकड्यांपासून सुटका नाही. केंद्रीय सांख्यिकी संघटनेने देशातल्या ना-नफा संस्थांची मोजदाद हाती घेतली, तेव्हा 2009 पर्यंतच्या नोंदींचा पहिला अंदाज 33 लाखांवर गेला. म्हणजे चारशेच्या आत-बाहेर भारतीयांमागे एक संस्था. या यादीत 4.8 लाख नोंदींसह महाराष्ट्र सर्वांत वर होता; आंध्र प्रदेश, उत्तर प्रदेश आणि केरळ त्याच्या मागे. 2011 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख भरली. भागाकार केला तर साधारण 235 माणसांमागे एक संस्था पडते. हजार वस्तीच्या खेड्यात चार.

हा हिशेब कळमेश्वर तालुक्यातल्या एखाद्या खेड्याला लावून पाहावा. मारुतीच्या देवळाचा ट्रस्ट, शाळा चालवणारी शिक्षण संस्था, सार्वजनिक वाचनालय आणि कबड्डीची पोरे जमवणारे क्रीडा मंडळ, एवढ्यात चार भरल्या. मग भजनी मंडळ कुठे बसवायचे? पहाटे ग्रामसफाई आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना करणारे गुरुदेव सेवा मंडळ? बुद्धविहाराची समिती? नवरात्रात दुर्गा बसवणारे आणि तान्ह्या पोळ्याला पोरांना बक्षिसे वाटणारे मंडळ? दर आठवड्याला किंवा महिन्याला ठरल्या दिवशी बसून पैसे गोळा करणारे बायकांचे बचत गट? यांतल्या काहींची नोंदणी असते, बहुतेकांची नसते. काम मात्र सगळ्यांचे चालू असते, आणि पुष्कळदा माणसेही तीच असतात: भजनी मंडळाचा अध्यक्ष देवळाचा विश्वस्त असतो आणि वाचनालयाच्या कार्यकारिणीत त्याचा पुतण्या असतो.

प्रिया ही दिल्लीची संस्था आणि अमेरिकेतले जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांनी मिळून विसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रासह पाच राज्यांत पाहणी केली होती. तिचा निष्कर्ष या गावगाड्याशी जुळतो. देशातल्या सुमारे बारा लाख संस्थांपैकी निम्म्या कुठेच नोंदलेल्या नव्हत्या, आणि जवळजवळ तीन-चतुर्थांश संस्थांत पगारी माणूस एक होता किंवा एकही नव्हता. धार्मिक संस्थांचा वाटा चौथाईहून अधिक होता. समाजसेवा आणि शिक्षण प्रत्येकी पाचव्या हिश्शाच्या आसपास. आरोग्य अगदीच थोडे. ‘एनजीओ’ म्हटले की जीपगाडी, लॅपटॉप आणि इंग्रजी अहवाल असे जे चित्र उभे राहते, त्यात न मावणाऱ्यांचीच ही दुनिया आहे. अनोळखी माणसांसाठी नियमितपणे काम करणारी आणि नफा वाटून न घेणारी कोणतीही मंडळी या पुस्तकाच्या विषयात येतात, मग त्यांच्याकडे नोंदणीचा क्रमांक असो वा नसो.

कळमेश्वर या विषयासाठी सोयीचे ठिकाण आहे. नागपूरहून काटोलकडे जाताना लागणारे हे गाव. दिल्ली-चेन्नईच्या लोहमार्गावर आहे. एका बाजूला औद्योगिक वसाहत, तिच्यात जेएसडब्ल्यूसारखा पोलादाचा मोठा कारखाना. दुसऱ्या बाजूला संत्र्याच्या बागा, भाजीपाला, कापूस. कळमेश्वर आणि मोहपा या दोन नगर परिषदा. धापेवाडा इथलेच, कोलबास्वामींच्या आणि विठ्ठलाच्या नावाने ओळखले जाणारे. आषाढी एकादशी पंढरपूरची. त्यानंतर पौर्णिमेच्या सुमारास विठोबा इथे येतो या श्रद्धेने विदर्भातून दिंड्या येतात, आणि म्हणून लोक धापेवाड्याला विदर्भाची पंढरी म्हणतात. यात्रेच्या दिवसांत देवस्थान, ग्रामपंचायत, पोलीस, आरोग्य खाते ही अधिकृत माणसे असतातच. पण वाटेवर पाणी, फराळ, चपलांची राखण, हरवलेली मुले सांभाळणे हे काम ज्यांच्या अंगावर पडते ती मंडळे त्या चार दिवसांपुरती उभी राहतात आणि पुन्हा विरून जातात. कोणत्याही मोजणीत ती येत नाहीत.

संस्था काढण्याची ही सवय आपल्याला कुठून लागली, याचा इतिहास सहसा पुण्यापासून सांगतात. 1870 ची सार्वजनिक सभा, 1873 चा सत्यशोधक समाज, 1884 ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी, 1896 चा कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम, 1905 चा भारत सेवक समाज, 1919 ची रयत शिक्षण संस्था. ही परंपरा मोठीच आहे. पण कळमेश्वर तालुक्यातल्या वाचकाला इतक्या लांब जायचे कारण नाही. दलित चळवळीतले आद्य कार्यकर्ते आणि पत्रकार किसन फागुजी बनसोड हे मोहप्याचे. बाबासाहेब आंबेडकर सार्वजनिक जीवनात येण्याच्या कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, त्यांनी ‘सन्मार्ग बोधक निराश्रित समाज’ काढला. पुढे स्वतःचा छापखाना घातला, ‘मजूर पत्रिका’ चालवली. ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते त्यांच्यातल्या एकाने आपली संस्था काढावी, तिला नाव द्यावे, तिचे उद्देश छापावेत, यात केवळ समाजसेवा नव्हती. सभा बोलावण्याचा, ठराव करण्याचा, आपला हिशेब आपण ठेवण्याचा हक्क त्यांनी घेतला होता. जाईबाई चौधरींनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा चालवली ती याच पिढीत. आणि 1924 मध्ये बाबासाहेबांनी मुंबईत ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन केली तेव्हा तीही 1860 च्या त्याच कायद्याखाली रीतसर नोंदवली होती.

नागपूर-विदर्भाचा हा पट पुढे रुंदावत गेला. हिस्लॉप कॉलेज 1883 चे, मिशनऱ्यांच्या कामातून उभे राहिलेले. 1921 मध्ये कमलाताई होस्पेट यांनी नागपुरात मातृसेवा संघ सुरू केला. बाळंतपणात बायका हकनाक दगावत होत्या, आणि स्वतः बालविधवा असलेल्या, परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या एका तरुणीने सूतिकागृह काढले. त्याच्या शाखा पुढे विदर्भभर आणि बाहेरही गेल्या. 1923 मध्ये विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला. अमरावतीत 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ होते. तिथेच पंजाबराव देशमुखांनी तीसच्या दशकाच्या आरंभी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि शेतकऱ्यांची मुले कॉलेजात आली. 1949 मध्ये बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती वरोऱ्याला निघाली. 1973 मध्ये हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प. 1986 मध्ये गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’. नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याची त्यांची पद्धत पुढे सरकारच्या धोरणात आली. अलीकडचे उदाहरण हवे तर नागपूरची क्रीडा विकास संस्था घ्यावी: झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल देणाऱ्या विजय बारसेंचे हे काम ‘स्लम सॉकर’ या नावाने जगभर गेले आणि 2022 च्या ‘झुंड’ चित्रपटाला विषय झाले.

इतके वैविध्य ज्यात कोंबता येईल असा कायदा तेव्हाच्या मुंबई राज्याने 1950 मध्ये केला. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम हे त्याचे मूळ नाव. आता ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आले आहे. राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई राज्यात आला आणि यथावकाश हा कायदा इकडेही लागू झाला. देऊळ, मठ, दर्गा, अग्यारी, दवाखाना, शाळा, वाचनालय या सगळ्यांवर नजर ठेवणारा धर्मादाय आयुक्त नावाचा अधिकारी या कायद्याने निर्माण केला. देशातल्या बहुतेक राज्यांत अशी व्यवस्थाच नाही. महाराष्ट्रात 1860 च्या कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थेला या कायद्याखालीही पुन्हा नोंदणी करावी लागते. म्हणून आपल्या संस्थांच्या लेटरहेडवर दोन-दोन क्रमांक दिसतात, आणि त्यांतला दुसरा ‘एफ’ अक्षराने सुरू होतो. सोसायटी नसलेल्या, निव्वळ धर्मादाय ट्रस्टला ‘ई’ लागते. धार्मिक ट्रस्टांची अक्षरे वेगळी. ज्या देवस्थानांचा पसारा या चौकटीत मावेनासा झाला त्यांच्यासाठी विधिमंडळाने वेगळे कायदे केले: पंढरपूरसाठी 1973 मध्ये, सिद्धिविनायकासाठी 1980 मध्ये, शिर्डीसाठी 2004 मध्ये. महाराष्ट्र मोजणीत पहिला आला याचे एक कारण इथल्या लोकांचा उत्साह हे असेल, दुसरे कारण ही नोंदवही आहे. जिथे वहीच ठेवली जात नाही तिथे आकडाही निघत नाही.

ही वही जवळून पाहण्यासारखी आहे. ‘परिशिष्ट एक’चा उतारा म्हणजे संस्थेचा सातबाराच. न्यासाचे नाव, विश्वस्तांची नावे व पत्ते, उद्देश, जंगम मालमत्ता, स्थावर मालमत्ता, उत्पन्नाची साधने, सरासरी खर्च आणि शेऱ्याचा रकाना. यांच्यात एक रकाना असा आहे की ज्याकडे नोंदणी करताना कोणी फारसे लक्ष देत नाही: विश्वस्तपदाच्या उत्तराधिकाराची पद्धत. आज ज्यांनी सह्या केल्या ते उद्या नसतील. मग त्यांच्या जागी कोण, आणि कोणी निवडायचे? कोणी लिहितो ‘सर्वसाधारण सभेतून निवडणुकीने’. कोणी लिहितो ‘उरलेल्या विश्वस्तांच्या बहुमताने’. कोणी वंशपरंपरा लिहितो. घाईत खरडलेली ही एक ओळ पुढे तीस-चाळीस वर्षे त्या संस्थेचे नशीब ठरवते.

विश्वस्तांत फरक पडला की 90 दिवसांत तसा अर्ज द्यायचा असतो. कायद्यात त्याचे कलम 22; कार्यकर्त्यांच्या तोंडी ‘चेंज रिपोर्ट’. त्याला काय लागते? सभेची नोटीस, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, उपस्थितांच्या सह्या, गणपूर्ती झाल्याचे नमूद केलेले इतिवृत्त, सूचक-अनुमोदकांच्या नावांसह ठराव, नव्यांची संमतिपत्रे, गेलेल्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले, प्रतिज्ञापत्र. कळमेश्वरची संस्था असेल तर ही सगळी चळत घेऊन नागपूर गाठायचे. कोणाची हरकत नसेल तर काम सुरळीत होते. हरकत आली की चौकशी सुरू, आणि ‘चॅरिटीत फाइल आहे’ हे उत्तर मग वर्षानुवर्षे ऐकायला मिळते. तेवढ्या काळात बँक सही बदलून देत नाही. शाळा असेल तर मुख्याध्यापकाची नेमणूक अडते. दोन गट दोन सचिव मिरवतात आणि दोघांकडे दोन शिक्के असतात. महाराष्ट्रातल्या संस्थांचा खरा इतिहास लिहायचा झाला तर स्मरणिकांपेक्षा या अर्जांच्या फायलींत जास्त सामग्री सापडेल. आणि भांडणे ही काही आजची अधोगती नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत पैशाच्या आणि तत्त्वाच्या वादातून टिळकांनी 1890 मध्ये राजीनामा दिला. ती संस्था टिकली, कारण आजीव सभासदांनी ती चालवायची ही तिची रीत व्यक्तीपेक्षा बळकट होती. रयतेतही कर्मवीरांनी आजीव सेवकांची फळी घडवली. गाडगेबाबांचे उदाहरण तर या बाबतीत सगळ्यांत कडक. लोकवर्गणीतून धर्मशाळा बांधल्या, त्या विश्वस्तांच्या हवाली केल्या आणि आपल्या घरच्यांचा त्यावर हक्क राहू दिला नाही. उत्तराधिकाराचा रकाना कसा भरायचा ते निरक्षर म्हणवणाऱ्या या माणसाला पक्के ठाऊक होते.

आता त्या मोठ्या आकड्याकडे पुन्हा वळू. संस्था जन्मली की नोंद होते. मेली की कोणी कळवायला जात नाही. सांख्यिकी संघटनेच्या मोजणीत 1970 पर्यंत नोंदलेल्या सोसायट्या देशभरात 1.44 लाख निघाल्या. सत्तरच्या दशकात 1.79 लाखांची भर पडली, ऐंशीच्या दशकात 5.52 लाखांची, नव्वदच्या दशकात 11.22 लाखांची. ही चढण थक्क करणारी आहे. पण मोजणीच्या दुसऱ्या टप्प्यात माणसे प्रत्यक्ष पत्त्यांवर गेली, तेव्हा शोधलेल्या बावीस लाखांवर सोसायट्यांपैकी जेमतेम सात लाखांचा माग लागला. बाकीच्यांचा पत्ता बदलला होता, दार बंद होते, किंवा त्या नावाचे कोणी नव्हतेच. महाराष्ट्रातही 2017-18 च्या सुमारास धर्मादाय आयुक्तालयाने हिशेब न देणाऱ्या आणि बंद पडलेल्या संस्थांच्या नोंदी रद्द करण्याची मोठी मोहीम उघडली, तेव्हा हीच गोष्ट पुढे आली. मेलेल्या संस्थांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. कितीतरी संस्था एका अनुदान योजनेसाठी निघतात आणि योजना संपली की संपतात. कितीतरी एका माणसाच्या जिवावर चालतात आणि तो दमला की थांबतात. चूक आहे ती या सगळ्यांची बेरीज करून तिलाच क्षेत्राचा आकार समजण्यात. तो आकडा आपल्या समाजाला किती वेळा काहीतरी करावेसे वाटले ते सांगतो. त्यातले किती झाले आणि टिकले, ते सांगायला दुसरी मोजपट्टी लागते.

ती मोजपट्टी पैशाच्या बाजूने लावून पाहू. सर्वांत जुना पैसा वर्गणीचा. पावतीपुस्तक घेऊन दारोदार जाणाऱ्या कार्यकर्त्याला लोक तोंडावर प्रश्न विचारतात: मागच्या वर्षीचे काय केले? हिशेबाचा फळा कुठे लावला? उत्सवासाठी पैसे गोळा करणाऱ्या नोंदणी नसलेल्या मंडळांनीही धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी अशी तरतूद कायद्यात आहे, पण गल्लीतल्या माणसाचा प्रश्न त्याहून धारदार असतो. दुसरा पैसा सरकारी अनुदानाचा. अनुदानित शाळेत संस्था खासगी आणि पगार सरकारी. शिक्षण घराघरात पोचले त्यात या व्यवस्थेचा वाटा प्रचंड. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने अ, ब, क, ड वर्ग पाडून गावोगावच्या वाचनालयांना अनुदान दिले आणि राज्यात सुमारे बारा हजार ग्रंथालयांचे जाळे विणले गेले. त्याच वेळी अनुदानाच्या तारखेकडे डोळे लावून बसायची सवयही लागली. 1983 पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली आणि ‘संस्थाचालक’ नावाचा नवा वर्ग राज्याच्या राजकारणात आला. कागदोपत्री ना-नफा, व्यवहारात घरचा धंदा, असे प्रकार यातूनच वाढले, आणि प्रामाणिक संस्थांकडेही लोक संशयाने बघू लागले. या पुस्तकात त्या प्रकारांवर पांघरूण घातलेले नाही.

धर्मादाय रुग्णालये हे याच गुंतागुंतीचे दुसरे टोक. सवलती घेणाऱ्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात द्याव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2006 मध्ये आकाराला आली. कळमेश्वरच्या एखाद्या शेतमजुराला नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात हा हक्क आहे. पण तो मिळवायला शिधापत्रिका किंवा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि मुख्य म्हणजे असा हक्क आहे हे माहीत असावे लागते. तहसीलमधून दाखला काढून देणारा, समाजसेवा अधीक्षकाशी बोलणारा, रात्री रुग्णालयाच्या आवारात थांबणारा जो गावातला कार्यकर्ता असतो, तो बहुधा कोणत्याही संस्थेचा पगारी माणूस नसतो. रुग्णालयाचा ट्रस्ट आणि हा कार्यकर्ता, दोघेही ना-नफा क्षेत्रातच येतात. एकाचे नाव नोंदवहीत आहे, दुसऱ्याचे नाही.

तिसरा पैसा कंपन्यांचा. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे ठरावीक उलाढालीच्या किंवा नफ्याच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. 1 एप्रिल 2014 पासून हे लागू झाले. कारखान्याच्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायदा म्हणतो. औद्योगिक वसाहत असलेल्या कळमेश्वरसारख्या तालुक्याला याचा अर्थ सरळ आहे: शाळेची खोली, पाण्याची टाकी, शिवणवर्ग, आरोग्य शिबिर. पण हा पैसा घ्यायचा तर आयकराची बारा-अ आणि ऐंशी-जी नोंदणी हवी, कंपनी खात्याकडे वेगळी नोंद हवी, तीन वर्षांची ऑडिट हवी, इंग्रजीत प्रस्ताव हवा. गावचे गुरुदेव सेवा मंडळ तिथवर पोचत नाही. शहरातली तयारीची संस्था पोचते आणि तालुक्यात येऊन काम करून जाते. काम वाईट होते असे नाही. प्रकल्प संपला की मागे कोण उरते, एवढाच प्रश्न आहे. परदेशी देणग्यांचीही गोष्ट तशीच. त्या देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी देण्यावर बंदी आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली आणि खाते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उघडणे सक्तीचे झाले. मोठ्या संस्थांच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्या तालुक्यातल्या छोट्या संस्थांचा तो झराच आटला.

बचत गटांची गोष्ट या तिन्हींहून वेगळी. महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 चे. ‘उमेद’ अभियान 2011 पासूनचे. गटाला धर्मादाय नोंदणी लागत नाही, बायकांचा पैसा बायकांतच फिरतो, आणि हिशेब दर बैठकीत सगळ्यांसमोर वाचला जातो. ज्या गोष्टीसाठी धर्मादाय कायद्याने लेखापरीक्षक, परिशिष्ट आठचा ताळेबंद आणि परिशिष्ट नऊचे उत्पन्न-खर्च पत्रक सांगितले आहे, ती गोष्ट चटईवर बसलेल्या दहा बायका एका वहीत उरकतात. बचत गटांवर राजकारण्यांची नजर असते, कर्जाचा ताण असतो, हेही खरे. तरी राज्यात सर्वांत जास्त माणसे ज्या सामूहिक कामात आज गुंतलेली आहेत त्यात हे गट अग्रभागी आहेत, आणि संस्थांची गणना त्यांना वगळूनच होते.

पुढील प्रकरणांची मांडणी या सगळ्या विचारातून झाली आहे. आधी कायदा, कारण संस्थेचे हाड तिथे आहे. मग देवस्थाने, शाळा, दवाखाने, वाचनालये, क्रीडा व कला मंडळे असे एकेक कूळ. मग पैसा. शेवटी वारसा: स्थापना करणाऱ्यांनंतर काय. वाचकाने शेवटचा भाग आधी वाचला तरी चालेल, कारण सगळ्या विषयाची किल्ली तिथे आहे. मोठ्या संस्थांची नावे इथे येतात ती आरती ओवाळण्यासाठी नाहीत. बाबा आमट्यांचे आनंदवन किंवा मातृसेवा संघ पिढ्या ओलांडून कसे गेले, किंवा जाताना कुठे अडखळले, हे समजून घेतले तर मोहप्याच्या वाचनालयालाही उपयोग आहे. या क्षेत्राला चांगल्या हेतूंची वाण कधीच नव्हती. आपल्याला कमी पडते ते हस्तांतर: किल्ल्या, खाते, इतिवृत्ताची वही आणि अधिकार, वेळेवर, भांडण न करता दुसऱ्याच्या हाती देणे.

हे तपासण्यासाठी कोणी संशोधक असावे लागत नाही. तुमच्या गावातली कोणतीही संस्था घ्या. विश्वस्तांची शेवटची निवडणूक कधी झाली आणि तिचा फेरफार अर्ज मंजूर झाला का? 31 मार्चला संपलेल्या वर्षाचे हिशेब सभेत मांडले का? चाळिशीच्या आतली किती माणसे कार्यकारिणीत आहेत, आणि त्यांत विश्वस्तांच्या घराबाहेरची किती? परिशिष्ट एकची प्रत फी भरून मागता येते. उरलेले सभासदाला विचारता येते. संस्था सार्वजनिक असते ती याच अर्थाने. हे पुस्तक वाचून एखाद्या वाचकाने आपल्या गावच्या संस्थेची वार्षिक सभा गाठली, हात वर करून ‘हिशेब वाचून दाखवा’ म्हटले, आणि कार्यकारिणीत जागा रिकामी असेल तर आपले नाव सुचवायला लावले, तर या लेखनाचे चीज झाले असे मी समजेन.

कळमेश्वर